खतखत्याचे रसग्रहण

मराठीत समीक्षा कशाकशाची झाली नाही? कवितेची झाली, कथेची झाली, नाटकाची तर पहिल्या अंकानंतरच्या बटाटेवड्याबरोबरच झाली. समीक्षेचीही समीक्षा झाली आणि तिच्यावर परिसंवाद झाले. त्यांत चहा थंड आणि वक्ते गरम होते. पण ज्या गोष्टीची समीक्षा प्रत्येक मराठी माणूस दिवसातून दोनदा तोंडाने करतो, तिची लेखी समीक्षा मात्र कुणी मनावर घेतली नाही. ती गोष्ट म्हणजे ताटातली भाजी. तोंडी समीक्षा भरपूर आहे, पण तिची परिभाषा फारच तोकडी. ‘बरी झालीय’ हा आपल्याकडचा सर्वोच्च पुरस्कार. त्याच्या खालोखाल ‘खाल्ली जाते’. आणि ‘घरात लोणचं आहे ना?’ हा प्रतिकूल अभिप्राय.

वास्तविक आपल्या समीक्षेचा पाळणा स्वयंपाकघरातच टांगलेला होता. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतमुनींना रस म्हणजे काय ते समजावून सांगायचं होतं, तेव्हा त्यांनी दाखला दिला तो जेवणाचाच. नाना व्यंजनं, औषधी आणि द्रव्यं एकत्र आली की जसा रस तयार होतो आणि प्रसन्न मनाचा माणूस तो जसा चाखतो, तसंच नाटकाचंही. म्हणजे ‘रस’ हा शब्द साहित्यवाल्यांनी स्वयंपाकघरातून उसना नेला. शेजारणीकडून नेलेल्या पातेल्यासारखा तो परत करायचा राहून गेला, आणि आता तर त्यावर त्यांनी स्वतःचं नाव कोरून घेतलं आहे.

तेव्हा ते पातेलं निदान एकदा घासूनपुसून परत करावं, या हेतूने एका पदार्थाचं रीतसर रसग्रहण करायला मी बसलो आहे. पदार्थ निवडताना बराच विचार केला. पुरणपोळी राजमान्य आहे. तिच्याविषयी वाईट बोलायची सोय नाही, आणि ज्याच्याविषयी वाईट बोलता येत नाही त्याची समीक्षा कसली करायची? पिठलं-भाकरीवर गहिवर इतका सांडला आहे की त्यात आता पीठच दिसत नाही. मिसळीविषयी लिहावं तर एक गाव खूश होतं आणि चार गावं अंगावर येतात. म्हणून मी असा पदार्थ निवडला की ज्याच्या बाजूने कुणी मोर्चा काढलेला नाही आणि ज्याचा फोटोही धड येत नाही. तो पदार्थ म्हणजे गोव्या-कोकणातलं खतखतं.

देशावरच्या वाचकांसाठी थोडा परिचय. खतखतं म्हणजे अनेक कंदमुळं आणि काही भाज्या तुरीच्या वरणात, वाटलेल्या नारळात शिजवून केलेला दाटसर पदार्थ. त्याला भाजी म्हणावं तर पातळ, आमटी म्हणावं तर दाट. गद्य आणि पद्य यांच्या मधोमध मुक्तछंद बसतो, तिथेच हे बसतं. नाव पडलं ते शिजतानाच्या आवाजावरून. पदार्थाने स्वतःचं नाव स्वतःच उच्चारावं, असं भाग्य फार थोड्यांना लाभतं. श्रीखंडाला ते जमलेलं नाही.

चतुर्थीच्या दिवसांतही खतखतं होतं, पण तेव्हा त्यात पावसाळी भाज्यांची भरती असते. कंदांचं खरं खतखतं थंडीतलं. वेल पिवळे पडून वाळले, मार्गशीर्ष-पौषात जमीन उकरली आणि कंद वर आले, की ते घरात येऊन पडतात आणि पुढचे कित्येक आठवडे पुरवून पुरवून शिजतात. आता कोकण-गोव्यातली थंडी म्हणजे काय, असा प्रश्न नाशिककर विचारतील. पणजीत जानेवारीच्या पहाटे पारा वीस अंशांच्या आसपास असतो, आणि तेवढ्या भांडवलावर तिथला माणूस कानटोपी घालतो, अंगणात शेकोटी करतो आणि ‘औंदा थंडी जरा जास्तच’ असं म्हणतो. थंडी ही अंशांत मोजायची गोष्ट नव्हे. तिची हौस असावी लागते. आणि हौसेच्या थंडीला साजेल अशी ऊब देणारा पदार्थही लागतो.

आता पात्रपरिचय.

नायक सुरण. दिसायला ओबडधोबड, अंगावर माती, स्वभावाने खाजरा. त्याच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते हाताला आणि घशाला टोचतात. म्हणून त्याला आधी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात उकडून, ते पाणी टाकून देऊन, मगच समाजात वावरायची परवानगी मिळते. एकदा निवळला की मात्र त्याच्यासारखा भारदस्त कंद नाही. जुन्या सामाजिक कादंबऱ्यांतला, वरून फणकारणारा आणि आतून लोण्यासारखा असलेला दादासाहेब तो हाच.

दुसरं पात्र कणगी, गोव्यात कणंगां. लहान, अंगावर बारीक केसासारखी मुळं, आतून पांढरीशुभ्र आणि पिठूळ. बोलणं कमी, काम चोख. तिसरं कोनफळ. कापल्यावर त्याचा जांभळा रंग पाहून वाटतं, हे आता सबंध नाटक खाणार. पण वरण-हळदीत पडलं की तेही आपलं तेज आवरून घेतं. चौथी अळवाच्या कुळातली माडी. जराशी बुळबुळीत, सगळ्यांशी सलोख्याने राहणारी, आणि त्यामुळेच रस्सा मिळून येतो तो तिच्या पुण्याईने. पाचवा करांदा. त्याच्या एका जातीला कंद जमिनीत न लागता वेलीवर, हवेत लागतात. कंद असून अधांतरी राहणारं हे पात्र थोडं कडवट असतं, यात नवल नाही. प्रत्येक साहित्य संमेलनात असा एकजण असतोच.

मग पाहुणे कलाकार. रताळं आणि बटाटा यांची गंमत सांगायलाच हवी. दोघेही मूळचे अमेरिका खंडातले. १५१० साली पोर्तुगीज गोव्यात आले आणि १९६१ पर्यंत राहिले, त्या दीर्घ मुक्कामात अशी बरीच मंडळी आपल्याकडे उतरली. आपला ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. पण ‘बटाटा’ हे मुळात कॅरिबियन बेटांवरचं नाव होतं, आणि ते नाव होतं रताळ्याचं! युरोपच्या वाटेवर कुठेतरी बटाट्याने ते बळकावलं. म्हणजे खतखत्याच्या पातेल्यात ज्याचं नाव चोरीला गेलं तो, आणि ज्याने चोरलं तो, असे दोघे शेजारीशेजारी शिजत असतात. तरी रताळ्याने आजवर तक्रार केलेली नाही. ते गोडच राहिलं. एवढा मनाचा मोठेपणा आमच्या वाङ्मयीन वर्तुळात दाखवा आणि हजार रुपये घेऊन जा.

मिरची अमेरिकेची, मका तिकडचा, भोपळा तिकडचा, पपईही तिकडचीच. सुरण, कोनफळ, माडी आणि नारळ ही इथली जुनी घराणी. ‘आमचा अस्सल, पिढीजात पदार्थ’ म्हणून ज्याच्याकडे आपण बोट दाखवतो, त्याच्या निम्म्या पात्रांची कागदपत्रं अशी दुसऱ्या खंडातली निघतात. परंपरेच्या अभिमान्यांना हे खुपेल. मला मात्र यात खतखत्याचा मोठा गुण दिसतो. जो आला त्याला त्याने पातेल्यात घेतलं. फक्त ‘आपली पाळी आल्यावर या’ एवढीच अट घातली.

ही पाळी म्हणजेच खतखत्याचा आकृतिबंध. ज्यांना वाटतं की सगळं एकत्र टाकून उकळलं की झालं, त्यांनी कादंबरीची पानं पिसून वाचावीत. सुरण आधी वेगळा उकडायचा. मग कणगी आणि कोनफळ. माडी त्यानंतर. मुळ्याचा उग्रपणा जायला वेळ लागतो, म्हणून त्याचा प्रवेश लवकर. रताळं आणि भोपळा शेवटी. ते अंगाने हळवे, लगेच विरघळतात. वाटलेला नारळ, सुक्या मिरच्या आणि हळद हे कंद शिजल्यावर. आमसूल आणि गूळ त्याहून उशिरा, कारण आंबट आधी पडलं की कंद अडून बसतात आणि मऊ व्हायचं नाव घेत नाहीत. हे शास्त्र आहे, पण ते शोधून काढणाऱ्या बायकांनी त्यावर शोधनिबंध लिहिला नाही. त्यांनी फक्त ‘अगं, आत्ता नको घालू’ एवढंच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिलं.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात लयीची तत्त्वं सांगितली आहेत: संवाद, विरोध आणि समतोल. विद्यार्थी असताना आमच्या पिढीने ती पाठ केली आणि उत्तरपत्रिकेत उतरवली. पण कळली नाहीत. खतखत्याचा पहिला घास घ्या, ती कळतात. कणगी, कोनफळ आणि सुरण यांचा पिठूळपणा एकमेकांत मिसळतो, तो संवाद. गोड रताळ्यालगत तिखट रस्सा आणि मध्येच करांद्याचा कडवटपणा येतो, तो विरोध. आणि आमसूल व गूळ एकमेकांना चिमटे काढत शेवटी एका पाटावर बसतात, तो समतोल. सहा रसांची हजेरी घ्यायची तर तीही भरते. रताळं आणि गूळ मधुर, आमसूल आम्ल, मीठ लवण, मिरची कटु, करांदा तिक्त, कच्चं केळं कषाय. (संस्कृतातला कटु म्हणजे आपलं तिखट आणि तिक्त म्हणजे आपलं कडू. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत या घोळाने कित्येकांचे गुण गेले आहेत.)

आता या रसग्रहणातला सर्वांत महत्त्वाचा घटक. तो म्हणजे तिरफळ.

तिरफळ हे जंगली झाडाचं फळ. वाळलं की तपकिरी होऊन उकलतं. आतली काळी बी टाकून द्यायची आणि टरफल ठेवायचं. चिनी स्वयंपाकातल्या त्या प्रसिद्ध सेचुआन मिरीचं हे सख्खं भावंडं. जिभेला क्षणभर मुंग्या आणतं, थोडं बधिर करतं, आणि मग संत्र्याच्या सालीसारखा, ओल्या रानासारखा वास मागे ठेवून जातं. कांदा नाही, लसूण नाही, गरम मसाला नाही, फोडणीचा चुरचुराट नाही. या पदार्थाची सगळी मदार या पाच-सात टरफलांवर. ती जराशी ठेचून रश्श्यात टाकायची आणि जेवताना पानाच्या कडेला काढून ठेवायची. जिच्यामुळे रंगत आली तिला शेवटी पानाच्या कडेला काढून ठेवायचं, ही रीत आपल्याकडे फक्त तिरफळापुरतीच आहे असं मात्र नाही. त्या मुद्द्याकडे मी येणारच आहे.

तौलनिक समीक्षेशिवाय अभ्यास पुरा होत नाही, म्हणून दोन समकालीनांकडे वळतो. पहिला सुरतेचा उंधियू. त्यातही कंद, रताळी, बटाटे. शिवाय पापडी, वांगी, मेथीची मुठियां आणि हिरवा लसूण. गुजरातीत ‘ऊंधुं’ म्हणजे उपडं. मातीचं मडकं उपडं घालून वरून विस्तव पेटवायचा, ही मूळ रीत, आणि नावही त्यावरून. रायगडकडची पोपटी याच घराण्यातली. आता मुंबईत थंडी पडली की मिठाईच्या दुकानात उंधियू किलोवर मिळतो. मडकं सुलटं झालं, जमिनीवर आलं, गॅसवर चढलं, पण नाव उपडंच राहिलं. शैलीच्या दृष्टीने उंधियू हा संगीत नाटकातला नट. तेलाने चमचमतो, जिलबीबरोबर प्रवेश करतो आणि ‘वन्समोअर’ घेतल्याशिवाय जात नाही.

दुसरी आपली भोगीची भाजी. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची. गाजर, हरभरा, पावटा, वांगं, बोरं, कुठे रताळं, आणि तिळाचं कूट. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. हे लोकनाट्य. जो तो आपापल्या शेतातलं पात्र आणतो आणि प्रयोग उभा राहतो. भोगीची उणीव एवढीच, की तिचा प्रयोग वर्षातून एकदाच. दुसऱ्या दिवशी केली तर ती ‘मिक्स भाजी’.

या दोघांपुढे खतखतं म्हणजे चेंबर नाटक. नेपथ्य नाही, रोषणाई नाही. रंग पिवळट-नारिंगी, तोही मळका. समीक्षकाने दोषही सांगितले पाहिजेत, म्हणून सांगतो: पाहताक्षणी प्रेमात पडावं असं याच्यात काही नाही. दुसरा दोष असा की ते केल्या दिवशी चांगलं लागतं आणि दुसऱ्या दिवशी उत्तम. म्हणजे पाहुणे जेवून गेल्यावर त्याचा खरा रंग चढतो. प्रथम प्रयोगाला येणाऱ्या टीकाकारांच्या दृष्टीने हा अक्षम्य अपराध आहे. तिसरा दोष, ते थोडं करताच येत नाही. दहा प्रकारचा एकेक तुकडा घातला तरी दहाजणांचं होतं. एकट्यासाठी खतखतं करणं म्हणजे एकट्याने भजनी मंडळ चालवणं.

आता समकालीन प्रयोगांविषयी. यात मला कठोर व्हावं लागेल.

एका उपाहारगृहात ‘पारंपरिक गोवन खतखतं’ या नावाखाली जे समोर आलं त्यात फ्लॉवर होता, ढोबळी मिरची होती, फ्रोझन मटार होते, आणि कांदा-लसूण इतका की तिरफळ असतं तर त्याने राजीनामा दिला असता. तिरफळ नव्हतंच. वेटरला विचारलं, तर तो अदबीने म्हणाला, “साहेब, कस्टमरच्या दाताखाली येतं.” दाताखाली येतं! हॅम्लेटमधून हॅम्लेट काढून टाकायचा, का, तर तो फार विचार करतो आणि प्रेक्षकांच्या डोक्याला त्रास होतो.

दुसरा प्रयोग प्रेशर कुकरचा. सगळी पात्रं एकदम कोंडायची आणि तीन शिट्ट्या द्यायच्या. बाहेर येतो तो जमाव. सुरण कच्चा, रताळं बेपत्ता, माडीचा जबाब कुणी घेतलेला नाही. तिसरा प्रयोग आरोग्यवाद्यांचा. त्यात गूळ नाही, नारळ नावापुरता, बटाटा वर्ज्य, आणि प्रत्येक घासाला तंतुमय पदार्थांचं प्रवचन. हे खतखतं खाल्ल्यावर माणूस निरोगी राहतो हे मला मान्य आहे. पण निरोगी राहून करायचं काय, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

इथे कुणी म्हणेल, बदल तर व्हायचेच. पोर्तुगीजांचा बटाटा चालला, मग ढोबळी मिरची का नको? आक्षेप रास्त आहे. माझं उत्तर असं, की बटाटा आला तो पातेल्यात आला आणि रांगेत उभा राहिला. त्याच्यासाठी कुणाला बाहेर काढलं नव्हतं. आजचा फ्लॉवर येतो तो सुरणाची जागा घेऊन, आणि सुरण जातो तो वाईट लागतो म्हणून नव्हे, तर त्याला सोलायला, चिरायला कुणी नाही म्हणून. चव बदलली हे कारण वेगळं आणि हात उरले नाहीत हे कारण वेगळं. समीक्षकाने या दोन्हींची गल्लत करता कामा नये.

हातांचा विषय निघालाच आहे, तर मघाचा मुद्दा पुरा करतो. या कलाकृतीचा कर्ता कोण?

माझ्या एका आत्याचं खतखतं आमच्या नात्यागोत्यात गाजलेलं होतं. पुरुषमंडळी जेवून उठताना म्हणायची, “सुरण काय सुरेख होता यंदा!” श्रेय सुरणाला! एकदा मी वही-पेन्सिल घेऊन तिच्या मागे बसलो.

“आत्या, सुरण किती घेतेस?”

“अरे, माणसं किती त्यावर.”

“माणसं दहा धर.”

“दहा कोण? लग्नाला आलेली दहा वेगळी आणि घरची दहा वेगळी.”

“बरं, आमसुलं किती?”

“सुरण कसा आहे त्यावर.”

“सुरण कसा आहे हे कसं कळतं?”

तिने विळीवरून हात उचलून माझ्यासमोर धरला. मनगटापर्यंत लाल झाला होता. “हा असा कळतो,” म्हणाली, आणि त्यावर थोडं खोबरेल चोळून पुढची फोड चिरायला लागली.

ते वाक्य मी वहीत लिहिलं. त्या पानावर बाकी एकही माप नव्हतं.

१९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ प्रसिद्ध झालं आणि मराठी पाकशास्त्रात वाटी-चमच्याच्या मापांनी क्रांती केली. नव्या संसाराला लागलेल्या, सासू-आईपासून दूर राहणाऱ्या असंख्य मुलींना त्या पुस्तकाने हात दिला, आणि या उपकाराची जाण नसलेला समीक्षक कृतघ्नच म्हणायला हवा. पण काही गोष्टी वाटीत मावत नाहीत. सुरणाची खाज कुठल्या चमच्याने मोजणार? पुस्तकात ‘सुरण साफ करून घ्यावा’ एवढं एक वाक्य असतं. त्या वाक्याच्या पोटात कुणाचा तरी लाल हात असतो. आपण इतकी वर्षं रसिक म्हणून पाटावर बसलो. सुरण वाहवा, तिरफळ वाहवा, नारळ वाहवा. आणि जिने पाळी सांभाळली, जी सगळ्यांच्या शेवटी, रताळं विरघळून गेलेला तळचा रस्सा घेऊन बसली, ती पानाच्या कडेला. भरतमुनींनी आस्वाद घेणाऱ्याविषयी सांगितलं. रांधणारीचं जेवण झालं का, हे विचारायचं त्यांच्याही राहूनच गेलं.

आत्याची दुसरी विद्या होती साठवणीची, आणि माझ्या मते खतखत्याची खरी संहिता तीच. गोव्यात पावसाळ्याआधीच्या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. हाही शब्द पोर्तुगीजांचाच. पण कंदांची बेगमी त्या आधीच सुरू झालेली असते. कंद धुवायचे नाहीत. अंगावरची माती हेच त्यांचं पांघरूण. कुदळीचा घाव लागलेला आधी वापरायचा. उरलेले कोरड्या, वाऱ्याच्या जागी, माळ्यावर किंवा पडवीच्या कोपऱ्यात पसरून ठेवायचे. दर आठ दिवसांनी चाचपायचे आणि मऊ लागेल तो काढायचा, नाहीतर तो शेजाऱ्यालाही बिघडवतो. ही सूचना वसतिगृहाच्या रेक्टरनाही उपयोगी पडावी. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवायचे नाहीत. रताळी आणि कणगीसारखे कंद उष्ण मुलखातले. पारा बारा अंशांच्या खाली गेला की ते आतून काळवंडतात. कोकणातल्या माणसासारखंच त्यांचं थंडीचं प्रेम वीस अंशांपर्यंतच.

आणि सर्वांत मोठा नियम: सगळे खायचे नाहीत. मुळात कंद ही वेलीने स्वतःसाठी केलेली बेगमी असते, पुढच्या पावसात पुन्हा फुटण्यासाठी. आपण ती बेगमी उचलून आणतो, म्हणजे दुसऱ्याच्या साठवणीची साठवण करतो. म्हणून कोनफळाचा डोळ्याकडचा शेंडा, सुरणाचे लहान गड्डे, कणगीची चांगली बोटं बाजूला काढून ठेवायची. पहिल्या पावसाला ती जमिनीत परत जायची. घरात कितीही पाहुणे येवोत, त्या टोपलीला हात लावायचा नाही. आत्याच्या भाषेत, “ते आपलं नाही. ते पुढच्या वर्षीचं.”

आज बाजारातून पाव किलो सुरण, एक रताळं, दोन बटाटे आणून आपण खतखतं करतो. ते वाईट होत नाही. पण त्या खतखत्याला पुढचं वर्ष नसतं. कणगी कुणी मागत नाही म्हणून बाजारात येत नाही, बाजारात येत नाही म्हणून कुणी लावत नाही, आणि कुणी लावत नाही म्हणून तिची टोपली रिकामी. पदार्थ मरतो तो चवीच्या बदलाने नव्हे. त्याचं बियाणं खाऊन टाकल्याने मरतो. २०२२ साली युनेस्कोने युक्रेनमधल्या ‘बोर्श्च’च्या पाककलेला तातडीने जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत घेतलं. तेही तसं बीट, गाजर, बटाट्यांचं, हिवाळी साठवणीतलं साधं सूपच. पण युद्धाने माणसं घरांतून आणि परसांतून उठली, तेव्हा जगाच्या लक्षात आलं की पातेलं उचलून नेता येतं, परसू नेता येत नाही. आपल्याकडे युद्ध नाही. आपण आपले फ्लॅटमध्ये राहायला गेलो आहोत, आणि चार प्रकार कमी घालून ‘चालतंय की’ म्हणतो आहोत.

तेव्हा आता निकाल. आशय: संपन्न. आकृतिबंध: निर्दोष, मात्र पाळी सांभाळणारा हात हवा. शैली: अनलंकृत. दृश्यमूल्य: कमी. पुनःप्रत्यय: दुसऱ्या दिवशी सकाळी, गरम करून. वाङ्मयीन परंपरेतलं स्थान: पहिल्या रांगेत, पण त्याला तिथे कुणीतरी नेऊन बसवायला हवं, कारण ते स्वतःहून पुढे येणार नाही.

रसिकांना दोनच विनंत्या. एक म्हणजे, यंदाच्या थंडीत कुणाच्या घरी खतखतं झालं तर ‘सुरण सुरेख होता’ असं म्हणू नका. केलं कुणी ते विचारा, आणि तिचं जेवण झालंय का तेही विचारा. पुढच्या वेळी विळीवर, किंवा सोलण्यावर, आपणही बसा. सोबत खोबरेलाची वाटी ठेवा. आणि दुसरी विनंती म्हणजे, कुठे कणगी मिळालीच, तर एक बोट कुंडीत खोचून ठेवा. गॅलरीतल्या कुंडीत येऊन येऊन किती येणार, असं वाटेल. मूठभरही येणार नाही कदाचित. पण मराठी वाङ्मयीन नियतकालिकं याहून कमी वर्गणीदारांवर वर्षानुवर्षं चाललेली आपण पाहिली आहेत.